लाइक केलं म्हणून

(दृश्य: गाडीच्या खिडकीतून खाजण, मग स्टेशनची पाटी)

विरार सोडलं की वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. आता जिल्ह्याचं ठिकाण झालंय, पण २०१२ साली हे ठाणे जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं, आणि दिल्लीतल्या न्यूज चॅनलवाल्यांना नकाशात शोधावं लागलं असणार. ते इथे आले एका लाइकमुळे.

१७ नोव्हेंबर २०१२, शनिवार. बाळासाहेब ठाकरे गेले. रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार, लाखोंची गर्दी, मुंबईभर शटर खाली, साध्या चहाचे वांधे. त्याच रविवारी पालघरमधल्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर काही ओळी टाकल्या. आशय असा की माणसं रोज मरतात, जग चालूच राहतं, आणि आज मुंबई बंद आहे ती आदरापोटी नाही, भीतीपोटी. शिवी नाही, धमकी नाही. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. बस्स, एवढंच.

संध्याकाळपर्यंत पोलीस स्टेशनबाहेर जमाव. मुलीने पोस्ट काढली, माफीही मागितली, पण तोपर्यंत तिच्या काकांच्या दवाखान्यात तोडफोड झाली होती. आता काकांनी काय लिहिलं होतं? काही नाही. दवाखान्यातल्या पेशंटनी तरी काय केलं होतं? सोमवारी दोन्ही मुलींना अटक, म्हणजे लिहिणारी पण आत आणि अंगठा दाबणारी पण आत, मग प्रत्येकी पंधरा हजारांचा जामीन. दवाखाना फोडणाऱ्यांनाही नंतर पकडलं, आणि ते पण जामिनावर सुटले. म्हणजे बोलणं आणि फोडणं दोन्ही एकाच तागडीत.

अटकेसाठी वापरलेल्या कलमांपैकी एक होतं आयटी कायद्याचं ६६अ. हे कलम एकदा नीट वाचून बघा, म्हणजे आता मेलंय ते, पण तरी वाचा. कॉम्प्युटर किंवा मोबाईलवरून 'अत्यंत आक्षेपार्ह' काही पाठवलं, किंवा कोणाला चीड येईल, गैरसोय होईल असं काही खोटं मुद्दाम पाठवलं, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग. चीड! अहो, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की रात्री अकराला पन्नास जणांना चीड येते. आक्षेपार्ह म्हणजे काय ते कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही, मग ते ठरवणार कोण, तर ड्युटीवर असलेला साहेब, तेही बाहेर घोषणा चालू असताना.

गाजावाजा खूप झाला. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांना कारवाईची मागणी करणारं पत्र लिहिलं, चौकशी झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, जामीन देणाऱ्या मॅजिस्ट्रेटची बदली झाली, शेवटी केसही बंद झाली. आणि दिल्लीत श्रेया सिंघल नावाची, या मुलींच्याच वयाची एक मुलगी या कलमाविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेली.

(दृश्य: सुप्रीम कोर्टाच्या पायऱ्या)

२४ मार्च २०१५. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी ६६अ घटनाबाह्य ठरवलं. सरकारी वकिलांनी हमी देऊन बघितली होती की आम्ही हे कलम जपून वापरू, त्यावर कोर्टाचं म्हणणं साधारण असं की सरकारं येतात जातात, कलम तिथेच राहतं. मला यातला सगळ्यात कामाचा भाग वाटतो तो तीन पायऱ्यांचा. एखाद्या विषयावर चर्चा करणं ही पहिली, एखाद्या मताची बाजू लावून धरणं ही दुसरी, मग ते मत लोकांना कितीही झोंबो. आणि चिथावणी ही तिसरी. कायद्याने हात घालायचा तो तिसऱ्या पायरीवर.

आणि ती तिसरी पायरी असते हो, खरंच असते. 'काहीही बोलू द्या' म्हणणाऱ्यांनी धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवावं. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, बाजारात दिसले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. दोन वर्षांनी खुद्द पालघर जिल्ह्यात, गडचिंचल्याला, अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले. शब्दांनी माणूस मरतो तो असा, आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), असे मेसेज पुढे ढकलताना कोणाचाच अंगठा थरथरत नाही, भीती वाटते ती पुढाऱ्यावर जोक टाकताना.

बरं, पक्षाचं म्हणाल तर इथे सगळे सारखे. मे २०२२, सरकार वेगळं, नेता वेगळा. अभिनेत्री केतकी चितळेने शरद पवारांवरची दुसऱ्या कोणाचीतरी कविता शेअर केली. पोस्ट घाणेरडी होती, मला तर वाचवली नाही, एखाद्याच्या आजारपणावर, दिसण्यावर बोलू नये एवढं घरात शिकवलेलं असतं आपल्याला. पण त्यासाठी महिन्याभराहून जास्त तुरुंग? ठिकठिकाणच्या पोलीस स्टेशनात गुन्हे? ६६अ नव्हतं ना तेव्हा. पण बाकीची कलमं होतीच की, बदनामीचं आहे, तेढ निर्माण केल्याचं आहे, हवं ते उचला. आणि ६६अ तरी धड मेलं का? कोर्टाने रद्द केल्यानंतरही पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले, इतके, की २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, बाबांनो, हे कलम नाहीये आता.

(दृश्य: खारमधली गल्ली, बंद दरवाजा)

आता तारीख लक्षात ठेवा. २३ मार्च २०२५, रविवार. स्टॅण्डअप कॉमेडियन कुणाल कामराचा व्हिडिओ आला, त्यात एकनाथ शिंदेंवर एक विडंबनगीत. त्याच रात्री शिंदेंच्या शिवसेनेचे कार्यकर्ते, जिथे तो कार्यक्रम झाला होता त्या खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत घुसले, खुर्च्या तोडल्या. काहींना अटक झाली आणि लगेच जामीनही. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन तिथेच हजर, अनधिकृत बांधकाम म्हणून. तो दुसरा दिवस म्हणजे २४ मार्च, ६६अ रद्द झाल्याला बरोबर दहा वर्षं.

कामरा मुंबईत नव्हताच. मार पडला तो जागेवर. पालघरला पण तेच, मार पडला तो काकांच्या दवाखान्यावर. आपण इथे घटनेच्या कलम १९ वर, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर, वाद घालतो, निर्बंध वाजवी की गैरवाजवी, आणि ते घालायलाच पाहिजेत, पण प्रत्यक्षात बोलण्याची किंमत बोलणाऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडून वसूल होते. लाइक करणारी मैत्रीण, काका, स्टेजचा मालक. मग पुढच्या वेळी पोलिसाची गरजच पडत नाही, काकाच म्हणतात, नको गं बाई.

माझा एक मित्र डोंबिवलीत स्टॅण्डअप करतो, म्हणजे नोकरी करतो आणि शनिवारी चाळीस खुर्च्यांसमोर उभा राहतो. मागच्या वर्षी हॉलवाल्याने त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवला. भाडं, लाइट, साउंड, आणि शेवटी पेनाने लिहिलेली एक ओळ: कार्यक्रमामुळे हॉलचं नुकसान झाल्यास भरपाई कलाकार देईल. माणूस चांगला आहे तो, चहा पाजला, वर म्हणाला, ‘तुझ्यावर विश्वास आहे रे, पण काचा माझ्या आहेत.’ मित्राने सही केली. मग बाहेर जिन्यात बसून मोबाईलमधली स्क्रिप्ट उघडली आणि गल्लीतल्या वाढदिवसाच्या बॅनरवरचा जोक काढून टाकला. बॅनर कोणाचा होता ते मी विचारलं, तर त्याने आधी जिन्यात वर कोणी आहे का ते बघितलं.