रोबोट सुटा करण्याआधी लिहून ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

2008 च्या ऑगस्टमध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात गोविंदांचा खेळ रंगला होता, आणि गोविंदा होते रोबोट. एबीयू रोबोकॉन या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं यजमानपद त्या वर्षी भारताकडे होतं. खेळ कोणता हे यजमान देश ठरवतो. त्यामुळे चीन, जपान, व्हिएतनाम, इजिप्त अशा देशांतली इंजिनिअरिंगची मुलं कित्येक महिने आपापल्या वर्कशॉपमध्ये एकाच गोष्टीवर डोकं चालवत होती: कृष्णाची लोण्याची मडकी यंत्राने कशी गाठायची. 2014 साली स्पर्धा पुन्हा पुण्यातच आली. तेव्हा आईबापांच्या मायेवर खेळ बेतला होता. मोठ्या रोबोटने छोट्या रोबोटला उचलून सी-सॉवर न्यायचं, झोपाळ्यावर बसवायचं. पुढे 2022 मध्ये दिल्लीला तर रोबोट चक्क लगोरी खेळले.

जाता जाता सांगतो, ही स्पर्धा कुठलं विद्यापीठ भरवत नाही. एबीयू म्हणजे आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे आमच्या या नभोवाणी-दूरचित्रवाणीवाल्यांचीच संघटना. 2002 साली टोकियोत तिने ही स्पर्धा सुरू केली. तेव्हा रेडिओवर येऊन रोबोटबद्दल बोलणं तसं घरचंच आहे.

आता खरा विषय. दोन वेळा आंतरराष्ट्रीय स्पर्धा या शहरात झाली, राष्ट्रीय फेरी तर कित्येक वर्षं बालेवाडीतच व्हायची. पुण्यातल्या कॉलेजांमधून किती रोबोट बनले असतील याची गणतीच नको. पण त्या मुलांनी जे शिकलं, ते आज एखाद्या नववीतल्या मुलीला वाचायचं असेल तर ती कुठे जाईल?

स्पर्धा संपली की रोबोट सुटा करतात. ते बरोबरच आहे. मोटरी महाग असतात, ॲल्युमिनियमचे सेक्शन पुढच्या वर्षी कामाला येतात, बॅटऱ्या दुसऱ्या टीमला लागतात. आठ दिवसांत त्या यंत्राचे नटबोल्ट डब्यात जातात आणि उरतो तो ग्रुप फोटो. पंजाचं पहिलं डिझाइन का सोडलं, दुसऱ्यात वस्तू का निसटत होती, तिसऱ्याला रबर कुठलं लावलं, हे सगळं एका मुलाच्या डोक्यात असतं. तो मुलगा जूनमध्ये नोकरीला लागतो. ऑगस्टमध्ये नवी बॅच येते आणि पहिल्या डिझाइनपासून सुरुवात करते. मधूनच कुणीतरी 'दादाला फोन करून विचारू का?' म्हणतं. दादा ऑफिसात असतो.

यावर उपाय म्हणून आम्ही काही जणांनी एक काम हाती घेतलं आहे. रोबोटिक्सच्या स्पर्धांत उतरणाऱ्या विद्यार्थ्यांनीच लिहिलेल्या लेखांचा एक खुला साठा, मराठीत. लिहिणार विद्यार्थी, तपासणार विद्यार्थी, चूक सापडली तर सुधारणारही तेच. वाचायला पैसे नाहीत, साधा मोबाईल पुरेल. शाळेत लेगोच्या ठोकळ्यांनी रोबोट बनवणारी पाचवीतली मुलं असोत, वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडला जाणारी असोत, सरकारी योजनेतून शाळांत उभारलेल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये पहिल्यांदा सोल्डरिंग गन हातात धरणारी असोत की रोबोकॉनची इंजिनिअरिंगची मंडळी, साठा सगळ्यांचा.

लेख कसले? एक नमुना सांगतो. जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रकार दर वर्षी कुठल्या ना कुठल्या टीमला रडवतो.

बऱ्याच स्पर्धांमध्ये सुरुवातीचा काही वेळ रोबोटने स्वतःच्या अकलेने चालायचं असतं, रिमोटला हात लावायचा नाही. नवी टीम प्रोग्राम लिहिते: दोन सेकंद पुढे जा, मग उजवीकडे वळ. रात्री सराव करताना रोबोट बरोबर खुणेवर थांबतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या सामन्यातही थांबतो. तिसऱ्या सामन्यात मात्र वीतभर अलीकडेच थांबतो आणि भलत्याच ठिकाणी वळतो. मुलं प्रोग्राम तपासतात. प्रोग्राममध्ये काहीच बदललेलं नसतं. बदललेली असते बॅटरी. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण चार्ज असते तेव्हा 12.6 व्होल्ट देते, वापरता वापरता ती 11.1 च्या आसपास येते. डीसी मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर कमी होतो. म्हणजे जवळजवळ बारा टक्के वेग गेला. दोन मीटरच्या धावेत हा फरक वीस-पंचवीस सेंटिमीटरचा होतो. सेकंद तेवढेच, अंतर कमी.

उपाय माहीत असला तर सोपा आहे. सेकंद मोजायचे नाहीत, चाकाचे फेरे मोजायचे, आणि त्यासाठी मोटरला एन्कोडर लावायचा. एन्कोडरचे पैसे नसतील तर मैदानाच्या कडेच्या भिंतीला रोबोट मागून टेकवून सरळ करून घ्यायचा आणि तिथून नव्याने अंतर धरायचं. ही दुसरी युक्ती लहान मुलांच्या टीम सर्रास वापरतात, मोठ्यांना ती सुचत नाही. हे सगळं एका पानात मावतं. ते पान ज्याने वाचलं, त्याची एक रात्र वाचली.

असे विषय ढिगाने आहेत. मोटरीसाठी एक बॅटरी आणि अर्डुइनोसाठी, म्हणजे रोबोट चालवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डासाठी, दुसरी, पण दोघींचे मायनस एकमेकांना जोडलेलेच नाहीत, म्हणून रोबोट जागच्या जागी थरथरतोय. मोटरला वीज पुरवणारा स्वस्तातला एल 298 ड्रायव्हर लावलाय, बारा व्होल्टमधले दोनएक तोच खातो आणि तापतो, आणि टीम मात्र मोटर मरतुकडी निघाली म्हणून बुधवार पेठेत नवी आणायला पळते. चाक शाफ्टवर धरून ठेवणारा ग्रब स्क्रू दर दोन सामन्यांनी ढिला होतो. त्याला थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, लावतात हे कुणी सांगितलेलंच नसतं.

लाइन फॉलोअरचं तर विचारूच नका. काळ्या पट्टीवरून चालणारा हा रोबोट इन्फ्रारेडवर पट्टी ओळखतो, आणि उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. सकाळी हॉलमध्ये सेन्सर लावून ठेवले, दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं, की रोबोट पट्टी सोडून प्रेक्षकांकडे. शाळेच्या हॉलमध्ये उद्‌घाटनासाठी हॅलोजन लावले असतील तरी तेच. उद्‌घाटनाची भाषणं चालू असताना मुलं सेन्सर लावतात, पाहुणे गेले की दिवे बंद होतात, आणि सकाळची सगळी मापं वाया. मी आयोजकांना हात जोडून सांगतो, भाषणं कमी करा आणि सामन्याच्या वेळचे दिवे आधीच लावा. ऐकत कुणी नाही, पण निदान मुलांनी तरी हे वाचून यावं.

'हे सगळं इंग्रजीत आहेच की,' असं कुणी म्हणेल. आहे, आणि चांगलंही आहे. पण जुन्नरच्या किंवा वेल्ह्याच्या शाळेत टिंकरिंग लॅबचं खोकं उघडणाऱ्या मुलाला आतलं मॅन्युअल वाचताना धाप लागते. ती अडचण मोटरची नसते. आणि मराठी म्हणजे जड मराठी नव्हे. मुलं वर्कशॉपमध्ये जसं बोलतात तसंच लिहावं. मोटर, गिअर, ड्रायव्हर, टॉर्क हे शब्द तसेच राहू देत.

आता एक आक्षेप, जो पालक मला हळू आवाजात विचारतात आणि मुलं उघडपणे. 'आम्ही आमची युक्ती लिहून टाकली तर समोरची टीम जिंकेल ना!'

याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. पहिलं अगदी व्यवहाराचं. रोबोकॉनचा खेळ दर वर्षी बदलतो, शाळांच्या बहुतेक मोठ्या स्पर्धांमध्येही मैदान आणि काम दर मोसमाला नवं असतं. म्हणजे तुमच्या खास पंजाचं गुपित मोसम संपला की शिळं झालं. तोवर ते जरूर झाकून ठेवा, मोसमात लिहाच असा हट्ट नाही. पण बॅटरी, वायरिंग, सेन्सर यांचं ज्ञान दर वर्षी लागतं आणि त्यात गुपित असं काही नाही. ते लपवून ठेवल्याने तुमचा फायदा कवडीचा होत नाही, दुसऱ्याची रात्र मात्र जाते.

दुसरं उत्तर अमेरिकेतल्या फर्स्ट या संस्थेचं. डीन केमन या संशोधकाने ती 1989 साली काढली, आणि 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत तिची पहिली रोबोटिक्स स्पर्धा झाली तेव्हा टीम होत्या 28. आज तिच्या स्पर्धा जगभर होतात आणि आपल्याकडची मुलंही त्यात असतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तिथे एक रीत रुजवली: जीव तोडून खेळायचं, आणि शेजारच्या टीमची मोटर जळली तर आपली उसनी द्यायची. ही नुसती भलेपणाची शिकवण वाटू शकते, पण त्यांनी खेळाची रचनाच तशी केली आहे. तिच्या फर्स्ट टेक चॅलेंज या स्पर्धेत दोन टीम मिळून दुसऱ्या दोन टीमशी खेळतात, आणि प्राथमिक फेऱ्यांत जोड्या दर सामन्याला बदलतात. आत्ता जी टीम समोर आहे ती तासाभराने तुमच्या बाजूला असू शकते. तिचा रोबोट बंद पडला तर गुण तुमचेही जातात. शिवाय तिथे टीमने वर्षभराच्या कामाची लेखी नोंद परीक्षकांसमोर ठेवायची असते, आणि मोठी बक्षिसं त्याखेरीज मिळत नाहीत. आपल्याकडे मुलं ती नोंद आदल्या रात्री जागून लिहितात, ही गोष्ट वेगळी.

मदतीचा हात फक्त मोठ्या शहरांतूनच येतो असंही नाही. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथला विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली सुरू केला, आणि एमआयटीच्या बाहेर जगातली पहिली फॅब लॅब, म्हणजे डिझाइन करून वस्तू बनवण्याची खुली कार्यशाळा, उभी राहिली ती या पाबळमध्ये. गावातल्या मुलांनी हाताने काम करत शिकायचं, ही डॉ. कलबागांची धारणा. अशा जागी शिकलेल्या मुलांकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, त्यांना लिहा म्हणून कुणी म्हटलेलं नसतं, एवढंच.

आता लिहायचं कसं. नियम थोडेच आहेत. जे स्वतःच्या हाताने केलं आहे तेच लिहायचं. चॅटजीपीटीला विचारून एल 298 वर छान चार परिच्छेद कुणीही मिळवेल, ते आम्हाला नकोत. तुमच्या हॉलमध्ये तुमचा ड्रायव्हर कितव्या सामन्याला बंद पडला, तेव्हा बॅटरी किती व्होल्ट दाखवत होती, तुम्ही आधी काय चुकीचं समजलात, ते हवं. जळलेल्या भागाचा फोटो असेल तर सोन्याहून पिवळं. सर्किटचं चित्र हाताने काढलेलं चालेल, फक्त कुठली वायर कुठे जाते ते दिसलं पाहिजे.

प्रत्येक लेख दोघं वाचणार. एक जण विषय जाणणारा, तो चुका काढेल. दुसरा अगदी नवखा, आणि त्याचं काम जास्त महत्त्वाचं. 'मला इथे कळलं नाही' एवढंच त्याने म्हणायचं, आणि त्याला कळेपर्यंत लेखकाने पुन्हा लिहायचं. लिथियम बॅटरीचं चार्जिंग, ग्राइंडर, वेल्डिंग अशा विषयांवरचे लेख मात्र जाणत्या मोठ्या माणसाने पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत. लिथियम बॅटरी फुगली असेल तर तिला चार्जिंगला लावायचं नाही आणि चार्जिंग चालू असताना खोली सोडून जायचं नाही, ही दोन वाक्यं अशा प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला राहतील, कंटाळा आला तरी. लेखाखाली मुलांचं फक्त पहिलं नाव आणि इयत्ता येईल, फोन नंबर किंवा पत्ता नाही.

पालकांना आणि सरांना एक विनंती. मुलाचा लेख हातात आला की तो सुधारायला बसू नका. शुद्धलेखन आम्ही पाहू. तुम्ही वाक्यं गुळगुळीत केलीत की त्यातली नेमकी ती ओळ जाते, 'मग आम्हाला कळलं की वायर उलटी होती' ही.

आणखी एका मंडळींकडे बरंच ज्ञान आहे, ती म्हणजे भोसरी-चिंचवडचे वर्कशॉपवाले. 'काका, एवढा एम थ्रीचा टॅप मारून द्या ना' म्हणत, भोकात स्क्रूचे आटे पाडून घ्यायला, पोरं त्यांच्या दारात उभी राहतात, आणि काका हातातलं काम थांबवून टॅप मारतात, वर विचारतात, 'इथे दोन एमएमची पट्टी का घेतलीस? तीनची घे, नाहीतर वाकेल.' हे काका लेख लिहिणार नाहीत. मुलांनी त्यांच्याशेजारी बसून, चहा पाजून, त्यांच्याकडून ऐकून लिहावं. ड्रिलचं टोक कुठल्या वेगाला जळतं, ॲल्युमिनियमला वेल्डिंग का जड जातं, असल्या प्रश्नांवर हे काका तासभर बोलतील.

सध्या बॅटरी आणि लाइन फॉलोअरवर बरेच लेख येत आहेत, त्यात आणखी भर आली तरी चालेल. पण ओम्नी आणि मेकॅनम चाकांवर, ज्यांनी रोबोट न वळता आडवा सरकतो, अजून एकही लेख आलेला नाही. ज्या टीमने ही चाकं वापरली असतील तिने आपला रोबोट सुटा करण्याआधी चाकं कुठल्या दिशेने बसवली होती त्याचा वरून एक फोटो काढावा, आणि पहिला लेख त्यावर लिहावा.

नमस्कार.