जमिनीत गायब होणारी नदी: स्लोव्हेनियाच्या श्कोत्स्यान गुहेत नेमकं बघायचं काय?

नमस्कार मंडळी! आधीच सांगून टाकतो, या व्हिडिओत गुहेच्या आतलं शूटिंग नाहीये, कारण श्कोत्स्यानच्या गाइडेड टूरमध्ये जमिनीखाली फोटो-व्हिडिओ काढायला बंदी आहे. त्यामुळे आज माझा चेहराच बघायचा, इलाज नाही.

तर ही जागा स्लोव्हेनियात, इटलीच्या बॉर्डरपासून अगदी जवळ. रेल्वे स्टेशन दिवाचा, तिथून तीनेक किलोमीटर चालत जाता येतं. 1986 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. स्लोव्हेनियाला गेलेले बरेचसे लोक पोस्टोयनाची गुहा बघून येतात, तिथे आत छोटी ट्रेन आहे, लहान मुलं सोबत असतील तर खुशाल तिकडेच जा. पण नदी बघायची असेल, धो धो वाहणारी, तर श्कोत्स्यानच.

नदीचं नाव रेका. ही बाई पन्नासेक किलोमीटर चारचौघींसारखी उघड्यावर वाहते, कारण तिच्याखालचा खडक पाणी मुरू देत नाही. मग चुनखडीचा प्रदेश लागतो आणि तिथून सगळी गंमत सुरू होते. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, चुनखडी त्यात विरघळते, भेगा रुंदावत जातात, लाखो वर्षं हेच चालू राहिलं की अख्खी नदी आत शिरते. आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट असा विरघळत नाही, म्हणून इथे आपल्याला लेणी छिन्नीने खोदावी लागली.

आणि ऐका, नदी जिथे आत घुसते ना, तिथे बरोब्बर वरती श्कोत्स्यान गाव वसलंय. चर्च, घरं, सगळं. खालून नदी चाललीये आणि वर लोक राहतायत!

टूरची सुरुवात मात्र एकदम शांत. माणसांनी खणलेल्या एका बोगद्यातून आत नेतात, हा भाग 1904 मध्ये गावातल्याच लोकांना सापडला होता. इथे नदी नाही, नुसतं ठिबकणारं पाणी आणि लवणस्तंभ, भूगोलाच्या पुस्तकात ऊर्ध्वमुखी-अधोमुखी म्हणून पाठ केलेले तेच. त्यातला एक साधारण 15 मीटर उंच आहे. सुंदर आहेत, नाही म्हणत नाही, पण लवणस्तंभ इतर गुहांतही बघायला मिळतात, म्हणून मी पुढे पळतो.

पुढे आधी आवाज येतो. घुमल्यासारखा, कुठून येतोय कळत नाही. मग एका वळणावर छत एकदम वर निघून जातं आणि समोर जमिनीखालची दरी. दरीच म्हणायचं, गुहा म्हणवत नाही. तिच्यावर त्सेर्कवेनिक पूल आहे, नदीपासून सुमारे 45 मीटर उंच. सगळे लोक पुलावरून खाली बघतात, तुम्ही एकदा समोरच्या भिंतीकडेपण बघा. तिथे खडकात खोदलेल्या जुन्या पायऱ्या दिसतील, जेमतेम पाऊल मावेल एवढ्या, कठडा वगैरे काही नाही. 1884 पासून हांके, मारिनिच आणि म्युलर हे तिघं गावातल्या लोकांना घेऊन नदीच्या मागे मागे आत गेले, धबधब्यामागून धबधबा ओलांडत, आणि 1890 मध्ये आतल्या टोकाच्या तळ्यापर्यंत पोचले. पूर आला तर वर पळायला वाट हवी म्हणून भिंतीत उंचावर या पायऱ्या. ते सगळं मिणमिणत्या दिव्यांवर, मला तर रेलिंग धरूनसुद्धा पोटात गोळा आला होता.

पुराची भीती उगाच नव्हती. पुढे मार्टेलचं दालन आहे, टूरमध्ये तिथे नेत नाहीत, आकारमान 20 लाख घनमीटरच्या वर, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या भूमिगत दालनांपैकी एक. पण त्यातून नदीला बाहेर पडायला वाट अगदी चिंचोळी, म्हणजे मोरीत बोळा अडकल्यावर होतं तेच होतं. 1965 च्या पुरात आत पाणी 100 मीटरपेक्षा जास्त चढलं होतं.

आता प्रश्न, नदी जाते कुठे? हा प्रश्न जवळच्याच त्रिएस्ते शहराने (आज ते इटलीत आहे) खूप सिरियसली घेतला होता, कारण बंदर मोठं होत होतं आणि प्यायला पाणी पुरेना. लिंडनर नावाच्या माणसाने डोकं लावलं: पूर आला की खालचं पाणी चढतं आणि गुहेतली हवा वर ढकलली जाते, म्हणजे जमिनीच्या ज्या भेगांतून वारा सुटतो त्यांच्या खाली नदी असणार. मग ती भेग धरून खणत गेले, खणत गेले, आणि 1841 मध्ये त्रेबिचानो गावाजवळ 329 मीटर खोलीवर खरंच नदी सापडली. फक्त एवढ्या खोलातून पाणी वर आणायचं कसं, तिथे गाडी अडली! पुढे 1920 च्या दशकात खुणा केलेले ईल मासे आत सोडले, त्यातले काही इटलीत तिमावो नदीच्या झऱ्यांपाशी सापडले, म्हणजे रेकाचंच पाणी तिथे पुन्हा बाहेर येतं. सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या वर अंतर आहे हे.

जायचं असेल तर आतलं तापमान वर्षभर 12 डिग्रीच्या आसपास, उन्हाळ्यात गेलात तरी जॅकेट घ्या. पायऱ्या 500 च्या घरात, वाट ओली, चपला-सँडल घरी ठेवा, गुडघे कुरकुरत असतील तर आधी नीट विचार करा. शेवटच्या चढाला लिफ्ट आहे. आणि पाऊस झाल्यावर जा असं मी म्हणेन, धो धो नको, दोन-तीन दिवस आधी झालेला बरा, कारण कडक उन्हाळ्यात रेका अगदीच बारीक होते आणि मग पुलावरून खाली दिसतो तो एक ओहोळ. हाताशी गाडी आणि अर्धा दिवस असेल तर तसेच पुढे इटलीत दुइनोला जा, तिमावोचे झरे रस्त्याच्या कडेलाच आहेत, तिकीट नाही, आणि तिथे कॅमेऱ्याला कोणी अडवत नाही.