हे ऐकलंस का?

[दृश्य: लोखंडी शटर वर जातं. आत अंधार. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकते आणि लागते.]

सातपूर एमआयडीसी. सुट्टीचा दिवस, दुपारचे चार. एरवी या गाळ्यात शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. तीन पॉवर प्रेस आहेत. दिवसभर पत्रा आत सरकतो, जॉब बाहेर पडतो. आज तिन्ही गप्प आहेत. मधल्या प्रेसच्या बेडवर जुनी चादर अंथरली आहे, चादरीवर अॅम्प्लिफायर. दोन बाजूंना प्लायवूडचे दोन स्पीकर, इथंच ठोकलेले.

[दृश्य: चपला काढत लोक आत येतात. प्लॅस्टिकचे स्टूल, एक सतरंजी.]

इथं नावानं कुणाला हाक मारत नाहीत. जो जिथून येतो ते त्याचं नाव. ओझर, देवळाली, नाशिकरोड, पंचवटी, कॉलेजरोड, पिंपळगाव. गाळा चालवतात ते सातपूर. धाकटे त्यांना सातपूरकाका म्हणतात.

नियम एकच आहे. एक गाणं आणायचं आणि ते पूर्ण होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग ही वही पुढं येते.

[दृश्य: वही, अगदी जवळून. लाल कापडी पुठ्ठा, पानांच्या कडांना तेलाच्या बोटांचे ठसे.]

तीन रकाने आहेत. गाणं कोणतं. कुणी आणलं. कुणाकडून मिळालं.

तिसरा रकाना महत्त्वाचा. आम्ही हा चित्रपट करायला घेतला तो या रकान्यामुळे. जगातलं बहुतेक सगळं संगीत आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पण गाणं कळतं ते बहुधा शेजारी बसून कुणीतरी सांगतं तेव्हा: थांब, हे ऐक, आता बघ काय होतं ते.

[दृश्य: सातपूरकाकांचा डावा हात. बटण फिरवतो. तर्जनी पहिल्या पेरापाशी संपते.]

बर्मिंगहॅम. इंग्लंडमधलं कारखान्यांचं शहर. सतरा वर्षांचा एक मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, उद्यापासून बँडबरोबर दौरा. त्या दिवशी मशीनवर नेहमीचा माणूस आला नाही म्हणून याला उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. मुलगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो नेमका हाच हात.

मुलाचं नाव टोनी आयोमी.

घरी बसलेल्या या मुलाला भेटायला कारखान्याचा फोरमन आला. येताना एक रेकॉर्ड घेऊन आला आणि म्हणाला, ऐक. मुलाची ऐकायची इच्छा नव्हती. फोरमननं लावायलाच लावली. मग सांगितलं की हा वाजवणारा जँगो राइनहार्ट, आणि याच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत होरपळून निकामी झालेली आहेत.

आयोमीनं साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या लावल्या, म्हणजे दाबायला जोर कमी लागेल. पुढं तारा सैलच केल्या, सूर खाली उतरवला. सैल तारेचा आवाज खोल येतो, जड येतो. १३ फेब्रुवारी १९७० ला त्याच्या बँडचा, ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला, १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये तो उतरवलेला सूर ठळक ऐकू येतो, आणि ज्याला आज आपण हेवी मेटल म्हणतो त्याची वीट तिथं बसली.

जँगो जॅझचा. आयोमी मेटलचा. मधे एक फोरमन.

सातपूरकाकांना ही गोष्ट भाच्यानं सांगितली, त्यांच्या स्वतःच्या अपघातानंतर अकरा वर्षांनी. तोवर त्यांनी इंग्रजी गाणं मन लावून ऐकलेलं नव्हतं. बोटाविषयी ते कॅमेऱ्यासमोर बोलले नाहीत. प्रेस मात्र दाखवली.

[दृश्य: प्रेसच्या दोन्ही बाजूंची हिरवी बटणं. काका दोन्ही हातांनी दाबून दाखवतात.]

दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय पंच खाली येत नाही. म्हणजे दोन्ही हात बाहेर. गाळा घेतल्यावर त्यांनी पहिलं काम हे केलं.

[दृश्य: ओझरकाका पिशवीतून कॅसेट काढतात. आतली टेप सैल झालेली. पेन्सिल घालून गुंडाळतात.]

ओझरकाका विमान कारखान्यातून निवृत्त झाले. कामानिमित्त रशियात राहून आले होते, आणि तिथल्या एका सहकाऱ्यानं निघताना ही कॅसेट हातात ठेवली. कव्हर नाही, रशियन अक्षरांची एक चिठ्ठी तेवढी. ओझरकाकांना रशियन बेताचीच येते. गाणी पाठ आहेत.

बँडचं नाव किनो. गाणारा व्हिक्टर त्सोय. लेनिनग्राडच्या एका बॉयलर घरात कोळसा टाकायचं काम करायचा, आणि देशभर लोक त्याची गाणी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घेत होते. त्याच्या आधीच्या पिढीचं तर विचारूच नका. टेपरेकॉर्डर घरोघरी नव्हते तेव्हा तिथं दवाखान्यांनी टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्मवर चोरून गाणी कोरत. फिल्म गोल कापायची, मधे सिगारेटनं भोक पाडायचं. उजेडात धरली की बरगड्या दिसत, सुईखाली ठेवली की गाणं वाजे.

त्सोय १५ ऑगस्ट १९९० ला मोटार अपघातात गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. ओझरकाका दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून घरी येतात आणि ही कॅसेट लावतात. घरच्यांना आता सवय झाली आहे.

[दृश्य: कॅसेट फिरते. कुणी बोलत नाही. चेहरे.]

देवळालीकाका बँकेत होते. त्यांच्या कॅसेट इकडच्याच, रिकामी कॅसेट देऊन दुकानातून भरून घेतलेल्या. यादी हातानं लिहून द्यायची आणि आठ दिवसांनी जायचं. नव्वद मिनिटांत शेवटचं गाणं बसलं नाही तर मधेच तुटायचं. अशी तुटलेली कितीतरी गाणी त्यांनी पंधरा-वीस वर्षांनी पहिल्यांदा पूर्ण ऐकली. ऑगस्ट आला की मुंबई. इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला, पुढं धोबीतलावच्या रंगभवनात भरायचा. कार्यक्रम संपायला रात्र व्हायची, मग व्हीटीच्या फलाटावर वर्तमानपत्र अंथरून पडायचं आणि सकाळच्या गाडीनं परत. इंग्लंडच्या लेड झेपेलिन या रॉक बँडच्या पेज आणि प्लांटनी १९७२ मध्ये मुंबईत आपल्याकडच्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं होतं, ते बाहेर आलं थेट २०१५ मध्ये. ते ऐकवताना देवळालीकाका उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

[दृश्य: कॉलेजरोड आणि देवळालीकाका, समोरासमोर.]

कॉलेजरोड एकवीस वर्षांची आहे. पंक ऐकते, म्हणजे छोट्या, वेगवान गाण्यांचं रॉक. तिची आणि देवळालीकाकांची दर वेळी जुंपते.

“काका, तुमचं एक गाणं संपेस्तोवर माझा अख्खा अल्बम होऊन जातो.”

खरं आहे ते. रामोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम: चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं. जेथ्रो टलचा १९७२ चा ‘थिक अॅज अ ब्रिक’: एकच गाणं, दोन्ही बाजू मिळून त्रेचाळीस मिनिटांच्या वर. त्या दिवशी दोन्ही पूर्ण ऐकले गेले. कुणी जिंकलं नाही, पण पुढच्या वेळी काकांनी रामोन्सचं दुसरं काही आहे का विचारलं.

तिच्या नोंदीत तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं, यावरून मात्र पेच पडला होता. तिला रामोन्स कुणी दिले नव्हते. फोननं एकामागून एक गाणी लावत नेली, त्यात ते आलं. बऱ्याच चर्चेनंतर तिनं लिहिलं: आपोआप.

[दृश्य: वहीतला शब्द, “आपोआप”. पान उलटतं.]

तरुण मुलांच्या नोंदींत हा शब्द बऱ्याचदा दिसतो. आम्ही पुढची पानं उलटली. तीन आठवड्यांनी रामोन्सचंच एक गाणं पंचवटीनं आणलेलं आहे. तिसऱ्या रकान्यात लिहिलंय: कॉलेजरोड.

[दृश्य: तबला. बोटांवर पावडर. मागे स्पीकर.]

पंचवटी म्हणजे तबल्याच्या शिक्षिका. तीनताल आणि झपताल यांच्यात रमणारा माणूस इथं काय करतो, असं वाटेल. नाशिकरोडनं पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ आणलं. नाशिकरोडचे वडील नोट प्रेसमधून निवृत्त झाले, आणि हे गाणं त्यांचंच आवडतं. १९७३ च्या अल्बममधलं. सुरुवातीला नाणी खुळखुळतात, कागद फाटतो, गल्ल्याचं मशीन वाजतं. टेपचे तुकडे जोडून केलेला हा फेरा. पहिल्याच फेऱ्याला ताईंचा हात मांडीवर पडायला लागला.

ती ती ना, धी ना, धी ना.

सात मात्रा. रूपक.

गाणं संपेपर्यंत बोलायचं नाही हा नियम त्या दिवशी मोडला. ताई मोठ्यानं ठेका म्हणत होत्या आणि कुणी त्यांना थांबवलं नाही. सॅक्सोफोन आला, तोही सातातच. मग गिटार सुटली आणि त्यांचा हात हवेत राहिला. सम गेली. गिटारसाठी गाणं सातावरून चारावर येतं. दोन आवर्तनांत त्यांनी ते धरलं आणि केरव्यावर गेल्या. पुन्हा सात आले तेव्हा आधीच तयार होत्या.

“यांनी मुद्दाम केलंय,” ताई म्हणाल्या. “सातात माणसाला जरा अवघडल्यासारखं होतं. चारात आणलं की मोकळं वाटतं. म्हणून गिटार इतकी मोकळी वाटते.”

नाशिकरोड हे गाणं लहानपणापासून ऐकतोय. त्याला हे तोवर माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यानं घरी फोन करून वडिलांना सांगितलं.

[दृश्य: काकू पोह्यांचं पातेलं घेऊन येतात. टेकतात. भिंतीवर प्रोजेक्टर.]

काकू, म्हणजे सातपूरकाकांच्या मंडळी, त्यांच्या भजनी मंडळात गातात. इथं यायच्या त्या पोहे द्यायला. त्या दिवशी भिंतीवर अमेरिकन गायिका सिस्टर रोझेटा थार्प होती. मे १९६४, मँचेस्टर, एक बंद पडलेलं रेल्वे स्थानक. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर ही. अंगात कोट, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. नुकताच पाऊस पडून गेलेला, म्हणून तिनं ऐनवेळी पावसाचंच भजन धरलं.

काकू उभ्याच राहिल्या. गाणं संपल्यावर पहिला प्रश्न त्यांचा होता.

“हिला शिकवलं कुणी?”

आईनं. आई चर्चमध्ये गायची, मँडोलिन वाजवायची. लहानगीला बरोबर घेऊन गावोगाव फिरायची. रॉक अँड रोलची म्हणून जी मोठी नावं घेतली जातात त्यांच्या आधी ही बाई हे वाजवत होती. १९७३ मध्ये ती गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव घेतलं गेलं २०१८ मध्ये.

पुढच्या आठवड्यात काकू रिकाम्या हातानं आल्या. फोनवर आपल्या मंडळाचा गजर भरून आणला होता. पखवाज, टाळ आणि वीस बायकांचे आवाज. लय चढत चढत जाते आणि शेवटी शब्द उरत नाहीत, नुसता नाद राहतो. सतरंजीवर बसलेल्यांची मान हलत होती, मेटलला हलते तशीच. वहीत नोंद आहे. कुणी आणलं: काकू. कुणाकडून: आईकडून.

[दृश्य: द्राक्षबाग. ट्रॅक्टर. ड्रायव्हरच्या सीटमागे बांधलेला छोटा स्पीकर.]

पिंपळगाव. घरची बाग आहे. औषध मारायच्या दिवसांत हा पहाटेपासून ट्रॅक्टरवर असतो. त्यानं टिनारिवेन आणलं, सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांचा बँड, मालीचा. यातल्या इब्राहिमनं लहानपणी पहिली गिटार स्वतः केली, पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार वापरून. पुढं निर्वासितांच्या छावण्यांतून फिरताना यांच्याकडे कुणी रिकामी कॅसेट घेऊन आलं, की हे फुकट गाणी भरून द्यायचे. कॅसेट हातोहात वाळवंटभर गेल्या. २०१२ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं.

हे सांगून पिंपळगाव थांबला नाही.

[दृश्य: हात. पक्कड. ब्रेकची तार उलगडते.]

पाच लिटरचा तेलाचा डबा, धुऊन वाळवलेला. बांबूची काठी. ब्रेकची तार आहे तशी चालत नाही. ती बऱ्याच बारीक तारांचा पीळ असते, आणि पिळाची तार ताणली तर नुसती थड् करते. पीळ उलगडून त्यातली एकच तार घ्यायची. एक टोक डब्याला भोक पाडून आतून गाठ, दुसरं टोक काठीला खुंटीवर. डब्यावर तारेखाली लाकडाची ठोकळी, तिला घोडी म्हणतात. तीनदा तार तुटली. चौथ्यांदा टिकली.

[दृश्य: तार छेडली जाते. पहिला आवाज.]

या मार्चअखेर गाळा सुटतोय, मालकानं जागा विकली. कॉलेजरोडला बंगळुरूला नोकरी लागली, पुढची बैठक कुठं ते ठरलेलं नाही.

[दृश्य: बैठक संपलेली. सतरंजी गुंडाळली आहे. प्रेसला टेकवून ठेवलेली डब्याची गिटार.]

सगळे गेल्यावर आम्ही सामान भरत होतो. कॅमेरा चालूच होता. एवढ्या महिन्यांत सातपूरकाकांनी कुठल्याही वाद्याला हात लावलेला आम्ही पाहिला नव्हता. ते स्टूल ओढून बसले. डबा मांडीवर घेतला. डाव्या हाताचं अर्धं बोट तारेवर ठेवलं, दाबलं, आणि छेडलं. तार कडक होती.

त्यांनी खुंटी उलटी फिरवली. तार थोडी सैल केली.

[इथून निवेदन नाही. फक्त आवाज.]