झाडलोटीतलं सोनं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ताऱ्यांबद्दल. तारे मूलद्रव्यं कशी घडवतात, असा विषय मला दिलाय. पण त्याआधी तुम्हाला मी इतवारीत नेणार आहे, सराफ ओळीत. माझे जुने विद्यार्थी ऐकत असतील तर त्यांनी खुशाल उठून चहा ठेवावा, त्यांनी ही गोष्ट दरवर्षी ऐकली आहे.

१९७४ सालचा मे महिना. मी अकरा वर्षांचा. नागपूरचा मे म्हणजे तुम्हाला काय सांगायचं! तेव्हा घरोघरी वाळ्याचे पडदे असायचे, त्यांवर पाणी मारलं की जो वास सुटायचा तो आजच्या एसीतून काढून दाखवा. असो. तर आईच्या कुडीची फिरकी झिजली होती. ऊन चढायच्या आत परत यायचं म्हणून ती मला घेऊन सकाळी सातलाच निघाली. पोचलो तर दुकानं बंद. आणि बंद दुकानांपुढे एक बाई झाडत होती.

पण रस्ता झाडतात तसं नाही हं. हातात मऊ कुंचा. पायरीच्या फटीतून, उंबऱ्याच्या कोपऱ्यातून, नालीच्या काठावरून ती धूळ ओढत होती आणि चिमूट चिमूट घमेल्यात भरत होती. कचऱ्याची एवढी काळजी घेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आई म्हणाली, "झारेकरीण आहे ते."

नव्या पोरांना हा शब्द माहीत नसेल. कारागीर कानस मारतो तेव्हा सोन्याचा कीस उडतो. तो कपड्यांना लागतो, तळपायांना लागतो, केरातून नालीत जातो. ती माती गोळा करून तिच्यातलं सोनं काढतो तो झारेकरी.

आमचा कारागीर नऊशिवाय येणार नव्हता. आईला कुणाशीही दोन मिनिटांत नातं जोडता यायचं. अर्ध्या तासात आम्ही त्या बाईच्या अंगणात होतो, मागच्या गल्लीत. तिनं ती माती लाकडी कठवतीत घेतली, पाणी घातलं आणि कठवत हलवायला लागली. हलकं ते पाण्याबरोबर वाहून जातं, जड ते खाली बसतं. तांदूळ रोळताना खडे खाली बसतात, तसंच. पुन्हा पाणी, पुन्हा हलवणं. मी कंटाळून अंगणातल्या कोंबड्या मोजून झाल्या, तरी तिचं चाललेलंच. शेवटी तळाशी चमचाभर काळी रेती उरली. मला वाटलं, संपलं, काही नाही निघालं.

मग तिनं एका बाटलीतून त्या रेतीत पारा ओतला आणि बोटांनी मळला. पारा सोन्याला धरतो, रेतीला धरत नाही. तो पारा फडक्यात बांधून पिळला, तर आत राखाडी लगद्याची एवढीशी गोळी राहिली. गोळी लोखंडी पळीत, पळी शेगडीवर. पारा उडून गेला. (घरी करून पाहू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते. आम्ही सगळे तिथे तोंड उघडं टाकून बसलो होतो, आज आठवलं की अंगावर काटा येतो.) आणि पळीत उरला एक पिवळा दाणा. मोहरीएवढा. हप्ताभराच्या झाडलोटीचा.

मी विचारलं, "मावशी, तुम्ही मातीचं सोनं बनवता?"

ती हसली. म्हणाली, "बनवत नाई रे पोरा. बनवता आलं असतं तं झाडू कायले धरला असता? ते पयलेच असते. आमी निस्तं येचतो."

आमी निस्तं येचतो. श्रोतेहो, मी पुढे रसायनशास्त्र शिकलो, तीस वर्षं शिकवलं, पण याहून नेमकं वाक्य मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नाही. पोरांकडून आवर्तसारणी घोकून घेतात, ती मूलद्रव्यं आली कुठून हे सांगायला मात्र कुणाला तास मिळत नाही!

पाहा ना. तिच्या पळीत पारा आणि सोनं शेजारी शेजारी होते. पाऱ्याच्या अणुकेंद्रकात ८० प्रोटॉन असतात, सोन्याच्या ७९. एकाच प्रोटॉनचा फरक! पाऱ्याचं सोनं करणारा नागार्जुन रामटेकच्या टेकडीवर राहायचा, असं आपल्याकडे सांगतात. पण शेगडी असो, सोनं वितळवणारी १०६४ अंशांची मूस असो, की कोराडीच्या वीजकेंद्राचा बॉयलर असो, ही सगळी आग अणूच्या ओसरीतच खेळते. तिथल्या इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते. देवघरात, म्हणजे अणुकेंद्रकात, ती शिरूच शकत नाही.

तिथे शिरायला ताऱ्याचं पोट लागतं. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे. तिथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं. विश्वाच्या जन्मात मिळालं होतं ते जवळजवळ सगळं हायड्रोजन आणि हेलियम, आणि किंचित लिथियम. बाकीचं ताऱ्यांनी केलं.

हेलियमचे तीन केंद्रक जुळले की कार्बन, त्याला दहा कोटी अंश लागतात. इथे एक अडचण होती. हिशेबानं एवढा कार्बन तयारच होत नव्हता. १९५३ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल अमेरिकेत कॅलटेक या विज्ञानसंस्थेत गेले आणि म्हणाले, कार्बनच्या केंद्रकाला एक ठराविक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर एवढा कार्बन झालाच नसता. तिथल्या प्रयोगशाळेत शोधलं, तर खरंच सापडली! हेच हॉईल आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. १९५७ मध्ये हॉईल, विल्यम फाउलर आणि बर्बिज पतिपत्नींनी या साऱ्याचा मोठा लेख लिहिला. १९८३ चं नोबेल फाउलर आणि चंद्रशेखर यांना मिळालं, हॉईलना नाही. मला हे आजही खटकतं, विषय नसला तरी सांगून टाकतो.

तर कार्बननंतर ऑक्सिजन, निऑन, सिलिकॉन, असं मोठ्या ताऱ्यात थरांवर थर चढत जातं. उमरेडच्या कोळशातला कार्बन, संत्र्याच्या रसातला ऑक्सिजन, सगळं असंच पोटात शिजलेलं. पण लोखंडाशी गाडी थांबते. पुन्हा सांगतो, लोखंडाशी थांबते. तिथवर केंद्रक जुळले की ऊर्जा मिळते. लोखंडापुढे जुळवायचं तर पदरची ऊर्जा घालावी लागते. ताऱ्याचा संसार तुटीत येतो, गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि ताऱ्याचा स्फोट होतो. मनसरच्या खाणीतलं मँगेनीज, सुरजागडचं लोखंड, ही अशा स्फोटांनी उधळलेली धूळ. त्या धुळीचे ढग गोळा झाले आणि ४६० कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यातून सूर्य झाला, पृथ्वी झाली. झारेकरणीच्या कठवतीसारखंच पुन्हा, जड ते खाली बसलं.

आणि सोनं? ते लोखंडाच्या फार पुढचं. केंद्रकावर न्यूट्रॉनांचा, म्हणजे प्रोटॉनांच्या विद्युतभार नसलेल्या शेजाऱ्यांचा, भडिमार झाला तर ते होतं. असे न्यूट्रॉन ठासून भरलेले असतात न्यूट्रॉन ताऱ्यांत, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेल्या गाभ्यांत. १७ ऑगस्ट २०१७ ला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच बसलेले हेलकावे, इथे पोचल्या, आणि त्या टकरीच्या प्रकाशात जड मूलद्रव्यं नुकतीच तयार झाल्याच्या खुणा दिसल्या. बातमी जाहीर झाली १६ ऑक्टोबरला. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी होती!

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पूजेला दागिने काढून ठेवले होते. मी ती जुनी कुडी हातात घेऊन तिला सगळं समजावलं, तारे, टक्कर, सूर्याच्याही आधीचं सोनं. तिनं नीट ऐकून घेतलं. फिरकीच्या घडणावळीचे साडेतीन रुपये ती त्या दिवशी इतवारीपासून घरापर्यंत मोजत आली होती, ते तिला आठवले असावेत.

म्हणाली, "मंग पयलेचंच होतं तं त्यानं घडणावळ कायची घेतली?"