गरम बल्ब, ढिला स्क्रू आणि चौदा व्होल्ट

या व्याख्यानाच्या जाहिरातीत विषय ‘व्होल्टेज-करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर’ असा छापलाय. तो येईलच. आधी मल्टिमीटरच्या ओहम रेंजबद्दलची, म्हणजे रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) मोजायच्या सोयीबद्दलची, माझी जुनी तक्रार ऐका.

शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब घ्या, मिळाला तर. मीटर लावा, चाळीसएक ओहम दिसतात. आता पुस्तकी सूत्रात (पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स) घाला: २३० गुणिले २३० भागिले ४०, म्हणजे तेराशे वॅट! बल्ब आहे की शेगडी? मीटर खोटं बोलत नाही, त्यानं थंड तार मोजलीय. बल्बातल्या पेटलेल्या टंगस्टनच्या तारेचं तापमान अडीच हजार अंशांच्या घरात जातं आणि रेझिस्टन्स होतो ५२९ ओहम. हा आकडा कुठून आला? शंभर वॅट भागिले २३०, म्हणजे ०.४३५ ॲम्पियर, २३० भागिले तेवढा करंट. चालू बल्बाचा हिशेब चालू बल्बावरच करायचा. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी मात्र ते चाळीस ओहम खरे असतात आणि पावणेसहा ॲम्पियर खेचले जातात. म्हणून जुना बल्ब बहुतेकदा लावतानाच उडतो. उगाच घरच्यांच्या हाताला दोष देतो आपण!

गिझरची कॉइल नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची. तिचा रेझिस्टन्स तापल्यावर थोडाच वाढतो, म्हणून ती थंड मोजली तरी चालतं. तिथं माझी तक्रार मागे.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुद्दा भरभर. २३० व्होल्टला २००० वॅटचा गिझर, म्हणजे ८.७ ॲम्पियर, २६.४५ ओहम. पाणी तापत नाही म्हणून कॉइल बदलायच्या आधी दोन आकडे घ्या. गिझर बंद असताना सॉकेटवर २३२ व्होल्ट, चालू केल्यावर २१८ आणि क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) ८.२ ॲम्पियर, असं समजा. क्लॅम्प फक्त फेजच्या वायरभोवती घाला. फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र धरलेत तर काटा शून्यावरच. २१८ भागिले ८.२ म्हणजे २६.६ ओहम: कॉइल ठणठणीत. २१८ गुणिले ८.२ म्हणजे १७८८ वॅट: म्हणून पाणी सावकाश तापतंय.

मग चौदा व्होल्ट गेले कुठे? चौदा भागिले ८.२, म्हणजे १.७ ओहम, वाटेत कुठंतरी. चौदा गुणिले ८.२, म्हणजे ११५ वॅट, तिथंच. (मधल्या वेळात शेजाऱ्यानं पंप सुरू केला नसेल तर! म्हणून दोन-तीनदा चालू-बंद करून बघा.) हे ११५ वॅट खांबापासून घरापर्यंतच्या लांबलचक सर्व्हिस वायरवर पसरले तर ती जेमतेम कोमट होते. तेच एका ढिल्या स्क्रूखाली साठले तर प्लगटॉप वितळतो आणि पिन काळी पडते. हा फरक ओहम रेंजला कळत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरीच पाव-अर्धा ओहम दाखवतात. लोड, म्हणजे गिझर, चालू ठेवून वायरमननं बोर्डाच्या आत स्विचच्या दोन टोकांवर, मग टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये व्होल्टेज मोजावं. जिथं चार-पाच व्होल्ट दिसतात, तो सांधा पकडला! मेन बंद करायचा, काळी तार कापून ताजं तांबं घ्यायचं आणि स्क्रू आवळायचा. सॉकेटमधला पितळेचा क्लिप निळसर पडला असेल तर आवळून उपयोग नाही, सॉकेटच बदला.

पंपाच्या मोटारीला हे गणित लावू नका. तिथं पॉवर फॅक्टर मध्ये येतो (व्होल्टेज आणि करंटचा ताल जुळत नाही, म्हणून खरी पॉवर त्यांच्या गुणाकारापेक्षा कमी भरते), आणि व्होल्टेज पडलं की लोडवरची मोटार करंट उलट जास्त ओढते. विचारा आता प्रश्न, पण हॉलचे पंखे बंद करायच्या आत.