तूरचा बिशप आणि चार राजे

श्रोतेहो, नमस्कार.

सहाव्या शतकातल्या फ्रँक राज्यात, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, प्रत्येक शहराला राजाने नेमलेला एक अधिकारी असे, काउंट. कर वसूल करणं, न्याय देणं, सैन्य जमवणं ही त्याची कामं. पण काउंट बदलत राहायचे, राजे बदलायचे, बिशप, म्हणजे शहराच्या चर्चचा प्रमुख, मात्र बहुधा मरेपर्यंत त्याच शहरात. चर्चच्या जमिनी, गरिबांचं अन्न, कैद्यांची सुटका, आश्रयाला आलेली माणसं, सगळं त्याच्या अंगावर. म्हणून राजांना बिशप हवाही असे आणि त्याची अडचणही होई. हे प्रत्यक्षात कसं चालत असे, ते आपल्याला सर्वांत बारकाईने कळतं लुआर नदीकाठच्या तूर शहराचा बिशप ग्रेगरी याच्यामुळे. त्याने आपल्या काळाचा इतिहास दहा खंडांत लॅटिनमध्ये लिहून ठेवला. ती त्याची बाजू आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचायची.

ग्रेगरी 538 च्या सुमारास ओव्हेर्न प्रांतातल्या क्लेरमाँमध्ये जन्मला, जुन्या रोमन उमराव घराण्यात. तूरच्या आधीच्या बिशपांपैकी पाच वगळता सगळे आपल्याच नात्यातले, असं तो अभिमानाने सांगतो. 573 मध्ये राजा सिगिबर्टने त्याला नेमलं आणि रँसचा बिशप एजिडियस याने त्याला दीक्षा दिली. एजिडियसचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

राजकारणाची पार्श्वभूमी थोडक्यात. 561 मध्ये राजा क्लोथार वारला आणि राज्य चार मुलांत वाटलं गेलं: कॅरिबर्ट, गुन्ट्राम, सिगिबर्ट आणि शिल्पेरिक. कॅरिबर्ट 567 मध्ये गेला, त्याच्या शहरांसाठी उरलेले भाऊ भांडले, आणि तूर त्या भांडणाच्या मधोमध सापडलं. 575 मध्ये सिगिबर्टचा खून झाला. शिल्पेरिकची राणी फ्रेडेगुंड हिने मारेकरी पाठवले होते, असं ग्रेगरी लिहितो. तूर आता शिल्पेरिकच्या ताब्यात गेलं, म्हणजे ग्रेगरीला ज्याने नेमलं त्याच्या शत्रूच्या हाताखाली त्याला काम करायचं होतं.

लगेच पुढच्या वर्षी पेच उभा राहिला. शिल्पेरिकचा मुलगा मेरोवेक याने बापाच्या नकळत रुआँ शहरात सिगिबर्टची विधवा ब्रुनहिल्ड हिच्याशी लग्न केलं. काकाच्या विधवेशी विवाह चर्चच्या नियमांत निषिद्ध होता. लग्न लावणारा होता रुआँचा बिशप प्रीटेक्स्टाटस, जो मेरोवेकचा धर्मपिताही होता. बापाने मुलाचं मुंडण करवून त्याला मठात पाठवलं. लांब केस ही या राजघराण्याची खूण, त्यामुळे मुंडण म्हणजे राज्यावरचा हक्क संपला. मेरोवेक वाटेतूनच निसटला आणि तूरमध्ये संत मार्टिनच्या चर्चमध्ये आश्रयाला आला, तोही मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, चालू असताना.

आश्रयाचा नियम असा, की वेदीपाशी आलेल्याला बळाने बाहेर काढायचं नाही. शिल्पेरिकने निरोप पाठवला: याला हाकला, नाहीतर तुमचा सगळा मुलूख जाळून टाकू. पूर्वीच्या पाखंडी राजांच्या काळातही जे घडलं नाही ते आता ख्रिस्ती राजाच्या काळात घडणार नाही, असं ग्रेगरीने उत्तर दिलं. याची किंमत तूरच्या शेतकऱ्यांनी मोजली, कारण राजाचं सैन्य खरोखरच आलं. आश्रयाच्या हक्काला मर्यादा होती ती हीच: चर्चच्या आतला माणूस सुरक्षित राही, बाहेरची गावं उघडी पडत. अखेर मेरोवेक स्वतःच निघून गेला आणि पुढे तेरुआन शहराजवळ घेरला गेल्यावर आपल्याच सेवकाच्या हातून मेला.

प्रीटेक्स्टाटसवरचा खटला 577 मध्ये पॅरिसच्या संत पीटर चर्चमध्ये उभा राहिला. निकाल देणारे बिशप किती, तर पुढे राणी फ्रेडेगुंडच्याच तोंडी आकडा येतो तो 45 चा. पहिल्या दिवशी आरोप होता राजाविरुद्ध कटाचा: बिशपाने भेटी वाटून माणसं फितवली. साक्षीदारांनी त्या वस्तू पुढे केल्या. प्रीटेक्स्टाटस म्हणाला, तुम्ही मला घोडे दिलेत, मी परतभेट दिली, एवढंच. राजा उठून गेला, बिशप चर्चच्या आतल्या खोलीत बसले. पॅरिसच्या बिशपाच्या हाताखालचा मुख्य अधिकारी, आर्चडीकन एटियस, आत येऊन त्यांना म्हणाला, आज त्याच्या बाजूने बोला, नाहीतर उद्या बिशप म्हणवून घेऊ नका. कुणी तोंड उघडेना. ग्रेगरीने मात्र सांगितलं, की जे राजाच्या जवळचे आहेत त्यांनी त्याला सावध करावं. दोघा बिशपांनी ही गोष्ट राजाच्या कानावर घातली.

राजाने ग्रेगरीला बोलावून घेतलं. फांद्यांच्या मांडवाखाली राजा उभा, उजवीकडे बोर्दोचा बिशप बर्ट्राम, डावीकडे पॅरिसचा राग्नेमोड, समोरच्या बाकावर भाकरी आणि पदार्थ. धमकी आधी झाली: तूरच्या लोकांना जमवून तुझ्याविरुद्ध ओरडायला लावीन. मग पाहुणचार: कोंबडी आणि हरभऱ्याचा रस्सा, मुद्दाम तुझ्यासाठीच केलाय. ग्रेगरीने आधी राजाकडून शपथ घेतली, की कायदा आणि चर्चचे नियम मोडणार नाही, आणि मगच भाकरी आणि वाइन घेतली. माझ्या मते साऱ्या खटल्यातली त्याची सर्वांत हुशार चाल हीच, कारण पुढे त्याला टेकायला दुसरं काहीच उरणार नव्हतं.

त्याच रात्री राणीची माणसं दार ठोठावत आली. विरोध सोडलास तर 200 पौंड चांदी, बाकीच्यांचा शब्द आम्हाला मिळालाच आहे. ग्रेगरी म्हणाला, हजार पौंड सोनं-चांदी दिलीत तरी देवाच्या आज्ञेपलीकडे मी काय करणार? नियमांना धरून जे असेल, त्यात मी इतरांच्या मागे जाईन. त्यांना वाटलं होकार मिळाला, आभार मानून गेले.

दुसऱ्या दिवशी राजाने आरोपच बदलला. आता चोरी: 3000 सॉलिडस, म्हणजे सोन्याच्या नाण्यांहून जास्त किमतीच्या मौल्यवान वस्तूंची दोन गाठोडी आणि सुमारे 2000 सोन्याच्या नाण्यांची थैली. पण हा माल ब्रुनहिल्डने प्रीटेक्स्टाटसकडे ठेवायला दिलेला होता, आणि त्याबद्दल त्याने राजाला कळवलंही होतं. चोरी सिद्ध होईना. तेव्हा राजाने आपल्या मर्जीतल्या बिशपांना त्याच्याकडे पाठवलं. त्यांनी समजूत घातली: नुसती कबुली दे, पाय धर, आम्ही मध्ये पडू, राजा क्षमा करील. प्रीटेक्स्टाटस फसला. भरसभेत जमिनीवर पडून म्हणाला, मी तुला मारून तुझ्या मुलाला गादीवर बसवणार होतो. खटला फिरला तो इथे. आधीच्या दोन्ही आरोपांना त्याच्याकडे उत्तर होतं, स्वतःच्या कबुलीला कुठून असणार?

मग राजाने नियमांचा ग्रंथ पाठवला, त्यात चार दुमडपानांचा एक नवा जुडगा जोडलेला. त्यात प्रेषितांचे म्हणून सांगितलेले नियम: खून, व्यभिचार किंवा खोटी शपथ यांत सापडलेला बिशप पदावरून काढावा. पुढची मागणी अशी, की त्याचा झगा फाडावा, किंवा शापांचं 108 वं स्तोत्र, आजच्या मराठी बायबलमधलं 109 वं, त्याच्या डोक्यावर वाचावं, किंवा त्याला कायमचा बहिष्कृत ठरवून निकाल लिहावा. ग्रेगरीने राजाला त्याची शपथ दाखवली: नियमांबाहेर काही होणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. प्रीटेक्स्टाटस वाचला नाही, त्याला कुतांसजवळच्या एका बेटावर हद्दपार केलं. पण कायमच्या बहिष्काराचा निकाल लिहिला गेला नाही. 584 मध्ये शिल्पेरिकचा खून झाल्यावर राग्नेमोडनेच साक्ष दिली, की सभेने प्रायश्चित्त सांगितलं होतं, पद काढलं नव्हतं. प्रीटेक्स्टाटस रुआँला परतला. दोन वर्षांनी, 586 मध्ये, एका रविवारी प्रार्थना चालू असताना त्याच्या काखेत खंजीर खुपसला गेला. बायोचा बिशप ल्यूडोवाल्ड याने मारेकरी सापडेपर्यंत रुआँची सगळी चर्चं बंद ठेवली.

ग्रेगरीवरही पाळी आली होती. राणीचं बर्ट्रामशी नातं असल्याची अफवा त्याने पसरवली, असा आरोप तूरचा पूर्वीचा काउंट ल्यूडास्ट याने केला. 580 मध्ये बेर्नीला सभा भरली. खालच्या दर्जाच्या माणसाच्या साक्षीवर बिशप दोषी ठरत नाही, यावर सगळे ठाम राहिले. तीन वेद्यांवर मिस्सा म्हणून ग्रेगरीने शपथ घेतली आणि तो सुटला. बिशपाने अशी शपथ घेणं नियमाविरुद्ध होतं, राजासाठी घेतली, असं तो नोंदवतो.

589 मध्ये, तूर आता ज्याच्याकडे होतं त्या सिगिबर्टच्या मुलाचे, राजा चिल्डेबर्टचे अधिकारी तूरला कर लावायला आले. ग्रेगरीने कागदच काढले. क्लोथारच्या वेळची करवही जाळलेली, कॅरिबर्टने नवा कर न लावण्याची शपथ घेतलेली, त्याच्या काउंटने तरी वसूल केलेलं सोनं राजाने परत पाठवलेलं. अधिकाऱ्यांनी एक करवही दाखवली. ग्रेगरी म्हणाला, ही राजाच्या खजिन्यातली नाही, कुणाच्या तरी घरात पडलेली आहे. दूत राजाकडे गेले आणि करमाफीचं पत्र घेऊन आले.

आणि एजिडियस? 590 मध्ये कडाक्याच्या थंडीत मेत्स शहरी त्याच्यावर चिल्डेबर्टविरुद्ध राजद्रोहाचा खटला चालला. शिल्पेरिकला लिहिलेली पत्रं त्याने नाकारली, पण त्याच्याच सेवकाने लघुलिपीत ठेवलेल्या नकला सापडल्या. शिल्पेरिककडून 2000 सोन्याची नाणी त्याने घेतल्याची साक्ष त्याच्याच शहरातल्या मठाधिपतीने दिली. त्याला तीन दिवस विचाराला मिळाले, मग त्याने कबुली दिली. बिशपांनी राजाकडून आधी त्याचा जीव मागून घेतला, नंतर नियम वाचून त्याचं पद काढलं. त्याला स्ट्रासबुर्गला पाठवण्यात आलं आणि रँसमध्ये ड्यूक लुपसचा मुलगा रोमुल्फ बिशप झाला.