मेजर पेन्शनीत आले

नमस्कार मंडळी.

वडिलांबद्दल बोला, असं कार्यकारिणीनं सांगितलं तेव्हा आधी वाटलं, लढाईबद्दलच बोलावं. आण्णा जंगी पलटणीत होते. जंगी पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, १७६८ साली उभी राहिलेली. १९७१ च्या डिसेंबरात ते पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरला होते. पण घरी त्यांनी त्या लढाईतली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, आणि ती एका पत्राची होती. त्यांच्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर क्लेर यांनी 'शरण या' असं पत्र लिहिलं. बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्ती वाहिनीचा एक माणूस पांढरा झेंडा घेऊन सायकलवरून ते शत्रूच्या तळावर घेऊन गेला. उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची एक गोळी आली. १० तारखेच्या रात्री आतल्या फौजेनं वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला, पलटणीनं रस्ता सोडला नाही, आणि ११ तारखेला सकाळी जमालपूर पडलं. हे पुस्तकांतही सापडेल. आण्णांना मात्र तो सायकलवाला आठवायचा. "हातात रायफल असली की माणूस कुठंबी जातो. ह्यो नुसता कागद घेऊन गेला," म्हणायचे.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गाव 'मेजर' म्हणतं, मग तो शिपाई का असेना. आण्णा हवालदार होते. १९६३ साली अठराव्या वर्षी भरती झाले, बेळगावला ट्रेनिंग झालं आणि १९८३ साली पेन्शनीत आले. तेव्हा त्यांचं वय ३८ होतं. इथं या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांचं करिअर त्या वयात नुकतं स्थिरावत असतं. फौजेत साध्या जवानाचा घरी यायचा दिवस त्याच सुमारास उगवतो, आणि पुढं तेवढंच किंवा त्याहून जास्त आयुष्य उरलेलं असतं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. तोवर वडील म्हणजे 'द्वारा ५६ ए.पी.ओ.' असा फौजी टपालाचा पत्ता आणि वर्षातून एकदा येणारी काळी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. ते कायमचे आले त्या रात्री मी आईला हळूच विचारलं होतं, "हे परत कधी जाणार?" त्यांनी ते ऐकलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मला शाळेपर्यंत सोडायला यायला लागले, पाच पावलं मागून. बरोबर चालायला मला तीन-चार महिने लागले. त्या महिन्यांत त्यांनी एकदाही घाई केली नाही, आणि याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

त्याच काळात एक भानगड उघड झाली. त्यांच्या कागदपत्रांत आईचं माहेरचं नाव होतं. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात, फौजेला ते कळवायचं राहून गेलं. जवानाचं लग्न झालं, मूल झालं की 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे फौजेच्या दप्तरात तशी नोंद करणारा आदेश, निघावी लागते. ती नीट निघाली नाही, तर उद्या तो गेल्यावर बायको कागदावर परकी ठरते. ही एक दुरुस्ती करायला त्यांना चौदा महिने लागले. एका कार्यालयात तर त्यांना तीनदा तोच अर्ज पुन्हा लिहायला लावला. त्यांनी तिन्ही वेळा लिहिला. परत येताना म्हणाले, "मी जिवंत हाय, पळू शकतो. जिचा माणूस गेलाय, ती कशी पळंल?"

त्यानंतरची चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. शेती केली, आम्हा दोघा भावंडांना शिकवलं, ते तर सगळेच करतात. पण आमच्या ओट्यावर कायम कुणीतरी बाई पिशवीत कागद घेऊन बसलेली असायची. आण्णा लग्नाचा जोडफोटो शोधायला लावायचे, सरपंचाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं एका दोऱ्यात ओवायचे, आणि गरज पडली तर तिच्या दिराला बरोबर घेऊन एसटीनं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला जायचे. एसटीचं तिकीट स्वतःचं. साध्या मृत्यूनंतर विधवेला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के पेन्शन मिळते, मृत्यू नोकरीमुळं ओढवला असं मान्य झालं तर ६० टक्के. डॉक्टरी कागदातल्या एका शेऱ्यावर हा फरक ठरतो, हे आठवी शिकलेल्या माणसाला तोंडपाठ होतं.

मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना इटलीतल्या लढाईबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. १० जुलै १९४४ चा दिवस, वय अवघं २२. तिथं मोंतोने गावात आता त्यांचं स्मारक आहे. सुट्टीत तिकडं कुणी गेलात तर जरूर थांबा. मी तिथला फोटो पाठवला तेव्हा आण्णांनी लगेच विचारलं, "त्यांच्या मालकिणीचं पुढं काय झालं गं?" मला उत्तर देता आलं नाही.

नोव्हेंबर हा आमच्याकडं सणासारखा असायचा, कारण त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो. अंगठा लावून दाखला देता यायला लागला तेव्हा आण्णा सत्तरीकडं झुकले होते. तरी मशीन कसं चालवायचं ते शिकले. अडचण वेगळीच निघाली. जन्मभर खुरपं धरलेल्या म्हाताऱ्यांच्या बोटांवरच्या रेघाच झिजलेल्या, मशीनला त्या दिसेनात. मग जीप ठरवून सगळ्यांना बँकेत घेऊन जायचे आणि साहेबासमोर एकेकाला उभं करायचे.

गेल्या वर्षी आण्णा गेले. मी पोचले तेव्हा आईनं ट्रंक उघडून दिली. सगळ्यात वर तिच्या नावाची फाईल होती. सगळे कागद क्रमानं लावलेले, कोणत्या टेबलावर काय द्यायचं ते पेन्सिलीनं लिहिलेलं. तिची पेन्शन एकही हेलपाटा न घालता सुरू झाली.

त्या फाईलखाली आणखी तीन फायली होत्या, तीन वेगळ्या बायकांच्या, अर्धवट राहिलेल्या. त्या मी इकडं परदेशात घेऊन आले. दोन मार्गी लागल्या आहेत. तिसरीत पुन्हा नावाचाच घोळ आहे. सोमवारी इथं पहाट व्हायच्या आत मला बेळगावला फोन लावायचा आहे.